सात नंबरचं मशीन

माझे काका अर्थशास्त्राचे प्राध्यापक. सारख्या वयाचे, सारखं शिकलेले दोन कामगार शेजारी उभे असताना एकाचं काम जास्त आणि दुसऱ्याचं कमी का होतं, यावर त्यांनी तीस वर्षं घालवली. आई त्यांना पाठीमागे "तोलणारे भावजी" म्हणायची.

तोलायला त्यांना माणसं मिळाली ती बाबांच्या खोक्यांच्या कारखान्यात. या धाकट्या भावाला शिकता यावं म्हणून बाबा शाळा सोडून तिथं पुठ्ठा कापायला लागले होते. काकांनी चाळीस प्रश्नांचा फॉर्म काढला: शिक्षण, आजारपण, झोप, घरात माणसं किती. लोक बिचकत होते, म्हणून पहिला फॉर्म बाबांनी भरला आणि बाकीच्यांकडून गोडीगुलाबीनं भरून घेतला.

सगळं जमेस धरूनही जो फरक उरला, त्याला काकांनी "अंगभूत कुवत" म्हटलं. निबंध गाजला, बढती मिळाली. मग कारखान्यानं तोच निबंध पुढे करून कमी कुवतीचे एकोणीस जण घरी बसवले. निबंधात नावं नव्हती, नुसते क्रमांक. त्या एकोणीसांतला एक क्रमांक बाबांचा होता. काकांनी तो ओळखला नाही की ओळखूनही गप्प बसले, देव जाणे.

काका निवृत्त झाल्यावर कारखान्याचा जुना फोरमन त्यांना भेटला. बोलता बोलता म्हणाला, "सात नंबरचं मशीन तासाला दोनदा अडायचं. त्यावर कोणीही मागेच पडला असता. चहावाल्यालासुद्धा माहीत होतं."

बाबा बावीस वर्षं सात नंबरवर होते. माणसाबद्दल चाळीस प्रश्न, मशीनबद्दल एकही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

काकांनी निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला दुरुस्ती लिहून पाठवली. इतका जुना निबंध आता उघडता येत नाही, असं उत्तर आलं. ते पत्र घेऊनच ते आमच्याकडे आले.

"दादा, माझं चुकलं. दोष मशीनचा होता."

"असेल. पण दुसऱ्या कोणी तेच मशीन नीट चालवलं असतं."

"नसतं चालवलं रे! तू तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. आणि तू एवढा शिकलेला, तुझं कसं चुकेल?"

काका रडायला लागले. बाबांनी मला पाणी आणायला सांगितलं.

त्यानंतर मीही बाबांना खूपदा समजावलं. ते ऐकून घेतात. परवा डब्याचं झाकण लागेना, तर डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, "तूच लाव. माझी कुवतच कमी." चेष्टेनं म्हणाले असते, तर मी हसले असते.