पडद्यापलीकडची वैनी

महिना होत आला. मी खारघरच्या ऑफिसात होतो आणि दादाचा फोन आला, "तुजी वैनी गेली रे..." अंगण झाडून टेकली होती, बसल्या जागी गेली. पनवेलजवळच्या आमच्या गावी पोचलो तेव्हा अंगणात चप्पल काढायला जागा नव्हती. वैनीची भांडणं गावभर होती, आणि माणसंही तितकीच.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो. आई सतत आजारी, त्यामुळे माझं खाणंपिणं आणि मला रागावणं, दोन्ही वैनीकडे आलं. कॉलेजात असताना मला गालगुंड झाले. तिने लेप लावला, पडून राहायला लावलं. सूज उतरताच मी मैदानावर पळालो. गावचा कबड्डी संघ माझ्यावाचून अडलाय, असा माझा गोड गैरसमज होता. लगेच ताप भरला आणि एका बाजूचं वृषण सुजून लाल झालं. पकडीत मार लागला असणार, असं मी ठरवून टाकलं. एका मित्राने शेक घ्यायला सांगितलं. न्हाणीघराला कडी लावून शेक घेतला, तर ठणका वाढला. सांगणार कुणाला? दादासमोर तर मान वर होत नव्हती.

जेवताना मी मांडी घालत नाही, हे एकट्या वैनीने पाहिलं. "भावोजी, डॉक्टरकडं चला. मला नका सांगू, त्यांना सांगा." रिक्षात मी एवढंच म्हणालो, "घरी कुणाला कळू देऊ नका."

"नाय कळणार."

दवाखान्यात तपासायच्या पलंगाला पडदा होता. डॉक्टरांनी विचारलं, "अलीकडे गालगुंड झाले होते?" गालाचा इथे काय संबंध, असं वाटून मी नाही म्हणालो. पडद्यापलीकडून आवाज आला, "झालेले, डॉक्टर! मीच लेप लावलाय." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. डॉक्टर हसले. गालगुंडाच्याच विषाणूने ही सूज येते, म्हणाले, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. लघवीच्या जंतुसंसर्गाने आली असेल तर मात्र ते पूर्ण घ्यावं लागतं. म्हणून लघवी तपासली, सोनोग्राफी केली. उपचार म्हणजे दुखण्यावरच्या गोळ्या, आराम, घट्ट चड्डीचा आधार आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ. मग ते रागावलेही. "असं अचानक दुखलं तर लगेच यायचं. आत पीळ पडला असता तर वृषण हातचं गेलं असतं."

सूज उतरली, भीती उतरली नाही. आपल्याला मूल होईल का? डॉक्टरांनी बहुतेकांना काही अडचण येत नाही असं सांगूनही, या एका प्रश्नापायी मी पुढे कितीतरी स्थळं परतवली. शेवटी वैनी कातावली. "कुढत बसण्यापेक्षा एकदा तपासून घ्या ना! काय आसंल ते आसंल, मुलीला आधी सांगू." तपासलं. रिपोर्ट चांगला आला, तरी तिच्या शब्दाखातर मी लग्नाआधी बायकोला सगळं सांगितलं. आमची मुलगी झाली तेव्हा वैनी हॉस्पिटलच्या बाकावर पदरात तोंड लपवून रडली... मीही रडलो.

तेराव्याला पंगत उठली आणि मी भाताचं पातेलं उचलायला वाकलो. दादा धावतच आला. "ठेव, ठेव! कॉलेजात कंबर धरलेली ना तुजी. वैनी सारखी बजावायची, भावोजींना जड उचलू देऊ नका."

माझी कंबर कधीच धरली नव्हती. एवढ्या वर्षांत तिने दादालाही कळू दिलं नव्हतं.

"हो दादा," म्हणालो, आणि कंबरेवर हात ठेवून बाजूला झालो.