ग्रेस पिरियड

अबूधाबीपासून लांब, वाळवंटातल्या आमच्या रुवैसला पोस्टमन नव्हता. सगळ्यांचं टपाल कंपनीच्या पोस्टबॉक्सात पडायचं आणि ज्याने त्याने ते ऑफिसातून घरी आणायचं. म्हणजे माझ्या नावाचं पत्रसुद्धा आधी बाबांच्या हातात. बाबा रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट सेक्शनला होते. त्या दुपारी त्यांनी डब्याच्या पिशवीतून एक जाड पांढरा लिफाफा काढला, त्याला आमटीचा वास लागला होता आणि तो फोडलेला होता. मी म्हटलं, "बाबा, दिस इज माय लेटर." ते म्हणाले, "पोस्टबॉक्स माझ्या नावावर आहे."

असा सगळा कारभार. आम्ही मुलं इंग्रजीत बोलायचो, ते मराठीत उत्तर द्यायचे आणि शेवटी व्हायचं ते त्यांच्याच मनासारखं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती. लिफाफ्यात अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीची ऑफर होती. नुसती अ‍ॅडमिशन नाही. ऑनर्स प्रोग्रॅम, म्हणजे निवडक मुलांचे छोटे वर्ग आणि पहिल्या वर्षापासून प्रोफेसरांच्या लॅबमध्ये काम. वर मेरिट स्कॉलरशिप, चारही वर्षांची पूर्ण फी माफ. आमच्या शाळेतल्या फिजिक्सच्या मल्याळी मॅडमची बहीण तिकडे होती, तिच्याकडून मॅडमनी फॉर्म मागवून दिला होता. मी तो भरला होता खरा, पण असं काही हाती लागेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि आनंदाने भरपूर रडले. तेवढा आनंद मला त्यानंतर कधी झाला नाही, लग्नातही नाही आणि मुलं झाली तेव्हाही नाही. कोणाला वाईट वाटायचं तर वाटो.

उत्तर एक मेपर्यंत पोचायला हवं होतं. हॉस्टेल आणि जेवणाचा खर्च आमचा, म्हणून सोबत बाबांची सही आणि त्यांच्या बँकेचं पत्र लागणार होतं. घोडं अडलं ते तिथेच. माझी सही मी दहा वेळा केली असती.

बाबांनी त्या खर्चाचे आधी दिरहॅम केले, मग मोठ्याने म्हणाले, "गुणिले बारा," आणि रुपयांचा आकडा लिफाफ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. खरं तर तो त्यांच्या आवाक्यातला होता. पण त्याच सुमारास माझ्या भावाचंही काहीतरी करायचं होतं.

भाऊ माझ्याहून एक वर्षाने मोठा. आदल्या वर्षी बारावी झाला. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला अर्ज केला, तर तिथल्या लोकांनी त्याला परक्यासारखं बाजूला काढलं, कारण त्याची दहावी-बारावी वाळवंटात झालेली. वर्षभर तो घरी बसून होता. आता तो अठरा ओलांडून गेला होता आणि अमिरातीतला नियम असा, की शिकत नसलेल्या अठरा वर्षांवरच्या मुलाचा व्हिसा बापाला रिन्यू करता येत नाही. मुलीचा येतो. मुलगी लग्न होईपर्यंत बापाच्या व्हिसावर राहू शकते. हा नियम तिथल्या प्रत्येक भारतीय घरात पाठ होता आणि किती मुलींचं आयुष्य या एका नियमाने ठरवलं याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. मुलाला बाहेर काढावंच लागे, म्हणून आधी मुलाचं. मुलगी काय, घरात आहेच.

"त्याचा व्हिसा जूनमध्ये संपतो," बाबा म्हणाले. "तुझा कुठे संपतोय?"

मी म्हटलं, "सो आय शुड वेट टिल आय एक्स्पायर?"

भाऊ हसला. बाबांना कळलं नाही. आई मात्र माझ्याकडे बघतच राहिली.

आईबद्दल सांगायला हवं. ती केमिस्ट्रीची एम.एस्सी. पुण्यात कॉलेजात शिकवायची. लग्नानंतर बाबांच्या मागे रुवैसला आली, तेव्हा तिच्या पासपोर्टावर जो व्हिसा लागला त्यावर छापलेलंच होतं, काम करण्यास परवानगी नाही. ती त्याबद्दल कधी बोलायची नाही. पण तो लिफाफा तिने माझ्याहून जास्त वेळा वाचला, आणि कोणत्या विषयाला कोणती लॅब आहे हे तिला माझ्याआधी पाठ झालं.

पुढच्या शुक्रवारी काका आले. सख्खे नव्हेत, तिथे बाबांबरोबर काम करणारा प्रत्येक मराठी माणूस काकाच. या काकांचा मुलगा अमेरिकेत शिकत होता, तेही कुठल्याशा नावाजलेल्या खाजगी युनिव्हर्सिटीत, त्यामुळे अमेरिकेच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे सुप्रीम कोर्ट. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पत्र वाचलं आणि म्हणाले, "स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सरकारी. भरमसाट पोरं. नाव सांगितलं तर ओळखणार कोण?"

मी सांगायला लागले की ऑनर्सचं वेगळं असतं, वर्ग छोटे असतात. ते बाबांकडे वळून बोलत राहिले. "आणि मेरिट स्कॉलरशिपचं असं असतं, की मार्क्स घसरले की बंद. मग उरलेली वर्षं कोण भरणार?"

"तेच तर," बाबा म्हणाले. त्या क्षणापर्यंत ही गोष्ट त्यांच्या डोक्यातही आली नव्हती.

आई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "तिचे मार्क्स आजवर कधी घसरलेत?"

"वहिनी, तिकडचं वेगळं असतं," काका म्हणाले आणि त्यांनी चकलीला हात घातला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्या माणसाने स्वतः कधी अमेरिका पाहिली नाही, तो आमच्या सोफ्यावर बसून माझी चार वर्षं चहात बुडवून खात होता.

तरी बाबा नाही म्हणाले नाहीत, हे मला सांगितलं पाहिजे. नाही म्हणाले असते तर मी भांडले असते, उपाशी राहिले असते, मॅडमना घरी आणलं असतं. ते म्हणायचे, "बघू." आई रोज जेवताना विचारायची, "बँकेत गेलात का?" आणि ते म्हणायचे, "इन्शाल्ला, उद्या." एकदा आईने हातातला डाव पातेल्यात टाकला आणि म्हणाली, "मला ते ऑफिसातलं उत्तर देऊ नका."

मग पुण्याहून अ‍ॅडमिशन करून देणाऱ्या एका एजंटचा फोन आला. एका कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातली सीट मिळत होती, पण स्वतः येऊन बुक करावी लागणार होती. बाबांनी रजा टाकली आणि एप्रिलच्या मध्यावर ते भावाला घेऊन निघाले. अबूधाबीला नेणारी गाडी दाराशी उभी होती. मी त्यांच्यासमोर फॉर्म धरला आणि म्हटलं, निदान सही तरी करा. ते म्हणाले, "नुसत्या सहीने काय होतंय? बँकेचं पत्र नको का? आल्यावर दोन्ही एकदम करतो." भाऊ गाडीत बसून म्हणाला, "बाबा, जस्ट साइन इट, ना." बाबांनी दार लावून घेतलं. यल्ला, ड्रायव्हर म्हणाला, आणि ते गेले.

एक मेला ते पुण्यातच होते. सीटची बोलणी लांबली होती. आई फोनवर कधी नव्हे ते ओरडली. पलीकडून बाबा शांतपणे म्हणाले, "अगं, ग्रेस पिरियड असतोच."

त्यांची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. चूक त्यांचीच होती. पण ती कशी झाली हे मला कळतं, कारण मीही त्याच गावात वाढले. तिथे सगळ्या गोष्टी संपायच्या आणि रिन्यू व्हायच्या. व्हिसा, लेबर कार्ड, गाडीचं रजिस्ट्रेशन, कॉन्ट्रॅक्ट. तारीख गेली की थोडे दिवस सवलतीचे मिळायचे. तेही गेले की दंड भरायचा, काउंटरवरच्या माणसाला दोनदा हबीबी म्हणायचं, खलास, नवा शिक्का. वीस वर्षांत बाबांनी एकही अशी तारीख पाहिली नव्हती जी खरोखरच शेवटची होती. जगात कुठेतरी एक ऑफिस असंही असेल, जिथे मुदत म्हणजे मुदतच, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

ते परत आले, बँकेचं पत्र आणलं, सही केली, आणि आम्ही फोन लावला. तिकडची सकाळ, आमची संध्याकाळ. एका बाईने माझं नाव विचारलं, थोडं थांबली आणि फार हळुवारपणे म्हणाली की ऑनर्समधली माझी जागा आणि स्कॉलरशिप यादीतल्या पुढच्या मुलीला दिली आहे. तिच्या आवाजात जराही तुसडेपणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

बाबांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. ताठ उभे राहिले आणि इमिग्रेशनच्या खिडकीशी वापरायचे तो आवाज काढून म्हणाले, "गुड मॉर्निंग मॅडम, आय अ‍ॅम फादर. ओन्ली फ्यू डेज लेट, मॅडम. यू टेल मी फाइन, आय विल पे." ती काहीतरी बोलली. "देन प्लीज गिव्ह मॅनेजर." ती पुन्हा काहीतरी बोलली. ते ऐकत राहिले, आणि त्यांचा चेहरा कसा कसा होत गेला ते मी पाहिलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी, त्यांनी त्या बाईला आणखी एकदाही मॅडम म्हणू नये, असं मला वाटत होतं.

मग त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "बघ, अ‍ॅडमिशन आहेच म्हणते. फक्त स्कॉलरशिप नाही. म्हणजे पुढच्या वर्षी बघता येईल."

पूर्ण फी भरून जाणं आम्हाला सात जन्मांत शक्य नव्हतं. हे त्यांना, मला आणि आईलाही ठाऊक होतं. आई उठून आत गेली आणि तिने कुकर लावला. पुढच्या वर्षी कोणी काही बघितलं नाही.

भाऊ पुण्याला गेला. त्याला इंजिनिअरिंग कधीच आवडलं नाही, पण तो पास होत गेला. मी रुवैसलाच राहिले. कॉरस्पॉन्डन्सने बी.कॉम. करायला घेतलं, कारण रुवैसमध्ये बसून सायन्स करता येत नव्हतं. परीक्षेपुरतं अबूधाबीला जायचं, बाकी वर्षभर टीव्ही, स्वयंपाक आणि दुपारच्या वेळी बाहेर नुसतं पांढरं ऊन. शाळेसमोरून जाताना मॅडम दिसल्या तर मी रस्ता बदलायचे. घरात त्या विषयावर सगळे मूग गिळून बसले होते. मला वाटायचं, एक ना एक दिवस मी बाबांना समोर बसवून सगळं ऐकवीन. शब्दसुद्धा तयार होते. मराठीतच तयार ठेवले होते, म्हणजे त्यांना कळले नाहीत असं व्हायला नको.

बी.कॉम.चा निकाल लागला आणि स्थळं बघणं सुरू झालं. अबूधाबीतल्या एका बँकेत काम करणाऱ्या मुलाचे आईवडील ठाण्याहून आले होते, ते सगळे एका शुक्रवारी आमच्याकडे आले. बाबांनी माझा बायोडेटा स्वतः टाइप केला होता. तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मुलाच्या आईच्या हातात होता. त्या वाचत होत्या, आणि मध्येच थांबल्या.

"अगंबाई. अमेरिकेच्या युनिव्हर्सिटीत ऑनर्स प्रोग्रॅमसाठी निवड, मेरिट स्कॉलरशिप," त्यांनी मोठ्याने वाचलं. "मग गेली कशी नाहीस गं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "तिलाच जायचं नव्हतं. आमची काही ना नव्हती. मी बँकेचं पत्रबित्र सगळं आणून ठेवलं होतं. पण हिला घर सुटेना."

मी म्हटलं, "बाबा, आय वॉन्टेड टू गो."

"आता म्हणते," बाबा हसून म्हणाले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सगळे हसले. तो मुलगाही हसला.

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. बाबा थाप मारायचे तेव्हा आईची नजर चुकवायचे, हे आम्हा दोघा भावंडांना लहानपणापासून माहीत होतं. त्या दिवशी ते सरळ आईकडे बघत होते. ते थाप मारत नव्हते. त्यांना ते तसंच आठवत होतं. मी तयार ठेवलेलं सगळं बोलणं ज्यांना ऐकवायचं होतं, त्यांच्या लेखी तसं काही घडलेलंच नव्हतं.

आईने वड्यांची बशी पुढे केली. "हो ना?" बाबांनी तिला विचारलं. तिने माझ्याकडे न बघता मान हलवली.

"बरंच केलंस हो," मुलाच्या आई मला म्हणाल्या. "हल्ली अशा मुली कुठे मिळतात?" त्यांनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली, आणि मी त्यांना पसंत पडले.