प्रभुभोजनाचा प्याला

बायबलमधल्या करिंथ शहरातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, असं पाळक त्या रविवारी चर्चमध्ये सांगत होते. मग प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून प्यायच्या द्राक्षरसाचा, एकच प्याला फिरला. माझ्या शेजारच्या सलोमीमावशी प्यायल्या. त्यांच्यानंतर मार्तंडरावांची पाळी होती. दोघांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झालेला. मार्तंडरावांनी रुमाल काढून प्याल्याची कड नीट पुसली, मगच ओठांना लावली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मावशी, मनाला लावून घेऊ नका."

"पाटलांच्या विहिरीचं पाणी प्यायला म्हणून माझ्या नवऱ्याला मेस्तोवर मारलं, तेव्हा इथं आले गं," त्या म्हणाल्या. "आता कुठं जाऊ?"

दोन हजार वर्षांत माणूस किती थोडा बदलतो!

पुढच्या प्रभुभोजनाला मावशी अगदी मागे बसल्या. त्यांच्यानंतर कुणीच प्यायचं उरलं नव्हतं.