पडद्याच्या कोपऱ्यातली चिमणी

चिमणी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकाचा अंदाज घेऊन फ्रेम काढून द्यायची, कानामागची काडी गरम करून वाकवायची आणि "आरशात बघा, दहा वर्षांनी तरुण दिसताय," हे वाक्य दिवसातून वीस वेळा तितक्याच निष्ठेनं म्हणायची. वय एक्केचाळीस. चिमणी हे नाव तिच्या दादानं ठेवलेलं. दादाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पाळण्यातली बहीण सारखी तोंड उघडमीट करते हे बघून त्यानं ओठांपाशी दोन बोटांची चोच करून दाखवली, आणि घरादारात तेच नाव पडलं.

बोलायला लागायच्या आधीच चिमणी हातांनी बोलायला शिकली. सहाव्या वर्षापासून ती दादाची दुभाषी. शाळेत, दवाखान्यात, बँकेत, जिथं दादा तिथं ही. एकदा डॉक्टर दादावर खेकसले, गोळ्या वेळेवर का घेतल्या नाहीत म्हणून. नऊ वर्षांच्या चिमणीनं ते गोड करून सांगितलं, "गोळ्या घेत जा म्हणतात." दादानं तिच्याकडे रोखून पाहिलं आणि हातांनी म्हणाला, "त्यांच्या मानेची शीर मला दिसतेय. ते ओरडताहेत. माझ्या वाट्याचा ओरडा मला पुरता दे. मधल्यामधे तू खाऊ नकोस."

तेव्हापासून तिनं एक शब्द कधी गाळला नाही.

पुढं छत्तिशीत तिनं रीतसर दुभाष्याचा कोर्स केला, परीक्षा दिली, सुट्टीच्या दिवशी सभा-बैठकांना जाऊ लागली. एका बातम्यांच्या चॅनलनं यंदा मतमोजणीच्या दिवशी पहिल्यांदाच पडद्याच्या कोपऱ्यात खुणांच्या भाषेची चौकट ठेवायचं ठरवलं होतं. त्यांच्या राखीव यादीत चिमणीचं नाव होतं. राखीव यादीतल्यांना कधी कोणी बोलावत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

मतमोजणीच्या सकाळी सव्वासहाला फोन वाजला.

"आमच्या दुभाषी बाई स्कूटरवरून पडल्या. मनगट प्लास्टरमध्ये आहे. आठला लाइव्ह. येता ना?"

"कुठल्या आठला?"

"अहो, आजच्या!"

इकडे दूध उतू गेलं. चिमणीनं गॅस बंद केला, हाताला लागले ते कपडे चढवले आणि धावत सुटली ती गल्लीच्या टोकाला, दादाच्या शिवणाच्या दुकानात. दादा शटर वर करत होता. तिनं धापा टाकत हातांनीच सांगितलं. दादाचे डोळे मोठे झाले. त्यानं शटर तसंच अर्ध्यावर सोडलं आणि वहिनीला हाक मारायला पायानं जमिनीवर दणादण थाप दिली. वहिनीलाही ऐकू येत नाही; जमीन हादरली की ती वर बघते.

"जा!" दादा म्हणाला. "मी सगळ्यांना इथं गोळा करतो."

स्टुडिओत शिरली तेव्हा पावणेआठ झाले होते. आत ही थंडी, डोळे दिपवणारे दिवे, पायात वायरींचं जंजाळ. तिला पाहताच मेकअपवाल्यानं कपाळावर हात मारला.

"फुलाफुलांचा टॉप? बाई, त्या फुलांत हात दिसतील का तुमचे?"

त्यानं स्वतःच्या अंगातला काळा शर्ट काढून तिला दिला आणि दिवसभर बनियनवर वावरला. दर वीस मिनिटांनी आलटून-पालटून काम करायला जोडीला एक मास्तर होते, कर्णबधिरांच्या शाळेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "पहिली पाळी तुझी. माझी छाती धडधडतेय."

"आणि माझी तर तबला वाजवतेय!" चिमणी म्हणाली. तेवढ्यात लाल दिवा लागला.

आणि सुरू झाली एकच धांदल! कानातल्या यंत्रातून आकडे गारांसारखे कोसळू लागले. पुढे, मागे, आघाडी, पिछाडी, फेरी तिसरी, फेरी चौथी. चिमणीचे हात पळत होते, भुवया चढत-उतरत होत्या. उमेदवारांची नावं एकेक अक्षर बोटांनी लिहिता लिहिता मात्र तिचा जीव मेटाकुटीला आला. मास्तरांची पाळी आली तशी तिनं फोन उघडला. दादाचे तीन व्हिडिओ आले होते. दुकानात ऐकू न येणारे बारा-चौदा जण जमले होते आणि त्यांनी झटपट सगळ्या उमेदवारांना खुणेची नावं देऊन टाकली होती. एकाच्या गालावर मोठा तीळ होता, गालाला बोट लावलं की तो. एक बाई सारखा चष्मा नाकावर ढकलत, ती खूण त्यांची. आणि तिसरे सद्गृहस्थ, त्यांच्या भुवयांच्या झुडपासाठी वहिनीनं दोन्ही हात वापरले होते! चिमणीला खुदकन हसू फुटलं.

पुढच्या पाळीला हात लोण्यासारखे चालले. स्टुडिओतल्या सात पाहुण्यांची चर्चा तापली, सातही जण एकदम ओरडायला लागले, तेव्हा तिनं शांतपणे खूण केली, "सात माणसं एकाच वेळी बोलताहेत. कोणाचंच काही ऐकू येत नाही. ऐकू येणाऱ्यांनासुद्धा नाही." तिकडे दुकानात हशा पिकला, दादा तर इस्त्रीच्या टेबलाला धरून हसला, असं वहिनीनं लगोलग कळवलं.

दुपारी बारा वाजता मात्र दादाचा निरोप आला तो वेगळाच. "तुमचे हात कापले! खालची पट्टी वर आली. फक्त डोकं दिसतंय."

चिमणीनं मॉनिटरकडे पाहिलं. खरंच. आकड्यांची पट्टी दुप्पट रुंद केली होती आणि चौकटीत उरलं होतं मास्तरांचं मानेपासून वरचं डोकं, नुसतंच हलणारं. ती तडक प्रोड्यूसरबाईंकडे गेली.

"हात झाकलेत तुम्ही आमचे."

"आज आकडेच इतके आहेत, जागा कुठून आणू?"

"मग आम्हाला बोलावलं कशाला? शोभेला?"

"बाई, आत्ता भांडायची वेळ आहे का?"

चिमणीनं भांडण केलं नाही. तिनं दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन प्रोड्यूसरबाईंच्या नाकासमोर धरला. पडद्यावर पंधरा-वीस चेहरे दाटीवाटीनं उभे होते, आणि सगळ्यांनी दोन्ही हात पाठीमागं लपवून नुसती डोकी हलवून दाखवली. खुणांची भाषा येत नसलेल्या प्रोड्यूसरबाईंना ते बरोब्बर कळलं. त्या माइकमध्ये ओरडल्या, "चौकट वर घ्या! मोठी करा. आणखी मोठी! जाहिरात उडवा तिथली!"

तिसऱ्या प्रहरापर्यंत सगळा खेळ चष्मेवाल्या बाई उभ्या होत्या त्या एका जागेवर येऊन ठेपला. ती जागा ज्याची, सरकार त्याचं. शेवटची फेरी झाली, फरक निघाला एक्केचाळीस मतांचा, आणि फेरमोजणीची मागणी आली. मास्तरांची पाळी होती. पण ते खुर्चीतून उठायलाच तयार नव्हते. "तुझी लय लागलीय. तूच घे."

चिमणी उभी राहिली. खांदे भरून आले होते. निवेदक श्वास रोखून कानातलं ऐकत होता, त्याच्या कानातलं ते तिच्याही कानात येत होतं. आणि आकडा आला. एक्केचाळीस, कायम! चष्मेवाल्या बाई जिंकल्या! चिमणीनं नाकावरचा चष्मा ढकलायची खूण केली, चार बोटं, एक बोट, आणि दोन्ही मुठी अशा वर नेल्या की मागं मेकअपवाला टाळ्या वाजवायला लागला.

गल्लीत काय झालं ते तिला संध्याकाळी कळलं. दुकानातला टीव्ही केबलचा, चित्र तत्काळ येणारा. गल्लीतले बाकीचे सगळे मोबाइलवर बघत होते, आणि मोबाइलवरचं चित्र अर्धा मिनिट मागं चाललेलं. निकालाची खूण बघताच वहिनी दुकानातून उडी मारून बाहेर आली. आजवर प्रत्येक निवडणुकीचा निकाल तिला नीट कळायचा तो दुसऱ्या दिवशी पेपरातून, आणि आज ती भर गल्लीत उभी राहून किल्लीवाल्याला, फुलवालीला, वरच्या खिडकीतल्या आजोबांना हातांनी सांगत होती: चष्मेवाल्या बाई! चार! एक!

"काय म्हणतेय ही?" किल्लीवाल्यानं विचारलं, आणि तेवढ्यात त्याच्या हातातला मोबाइल ओरडला. त्यानं आधी मोबाइलकडे पाहिलं, मग वहिनीकडे. "अरे, हिला आधीच कळलं होतं!"

चिमणी परत आली ती हात लोंबकळत, मेकअपवाल्याचा काळा शर्ट अंगात तसाच. दादानं तिला उचललंच जवळजवळ. मग खाली ठेवून म्हणाला, "तुझी नऊची खूण ढिली होती. आणि तिसऱ्या फेरीत तू एक आकडा चुकलीस."

"चुकले, पण पुढच्याच वाक्यात दुरुस्त केला!"

"म्हणून तर सांगतोय. बाकी सगळं पुरतं दिलंस."

पुढच्या आठवड्यात चॅनलचा फोन आला, दर मोठ्या बातमीच्या दिवशी येणार का म्हणून. चिमणी समोरच्या गिऱ्हाइकाच्या कानावर काडी बसवत होती. फोन खांद्यानं कानाशी धरून तिनं सांगितलं, "येईन. पण चौकट केवढी असेल ते आधी कागदावर लिहून द्या."