नाकाक्कांचा जिना

नाकाक्कांच्या दारात "वास येतोय" एवढंच म्हणून भागत नसे. "येईल की! कसला?" असं त्या कमरेवर हात ठेवून विचारत आणि नेमका शब्द मिळेपर्यंत उंबरठा ओलांडू देत नसत. न वाळलेला टॉवेल कुबट, जुनं खोबरं खवट, कालची आमटी आंबूस. नोकरीसाठी पुण्याहून आलेल्या माझ्याकडे या सगळ्याला मिळून एकच शब्द होता, घाण.

"घाण हा वास नाही रे पुणेकर, ती तक्रार झाली."

जे. पी. नगरमधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायला आलो, तेव्हाची ही गोष्ट. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरूचं. आमच्या मराठीत इंग्रजी घुसलेली, त्यांच्या मराठीत कानडी. नाकाक्का हे नाव गल्लीनं ठेवलं होतं आणि त्या ते पदवीसारखं मिरवत.

मेतकूट हा त्यांचा खास प्रांत. प्रत्येक डाळ वेगळी भाजायची, आणि भांड्यात न बघता, नाकावर. "डोळे फसतात," त्या म्हणत. मी एकदा खमंग आणि खरपूस यांतला फरक विचारला. "खरपूस कढईत असतं, खमंग जिन्यापर्यंत येतं," अक्का म्हणाल्या.

"आणि करपट?"

"करपट म्हणजे तू गप्पा मारत बसलास!"

मग एका वर्षी त्यांना ताप आला. तापातून उठल्यावर त्यांनी दिवाळीचा चिवडा घरोघर वाटला, आणि त्यातलं खोबरं खवट होतं. गल्लीनं तो निमूटपणे खाल्ला. नाकाक्कांना सांगणार कोण? मी आपला वाटी परत द्यायला गेलो आणि नाटकी आवाजात जाहीर केलं, "अक्का, खवट!" मला वाटलं, आता हसतील. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"कशालाच वास नाही रे. साबण नाही, हिंग नाही, काही नाही. सुरेशला सांगू नकोस. तो मला गॅसजवळ उभं राहू देणार नाही."

सुरेश त्यांचा मुलगा, बोम्मसंद्राच्या कारखान्यात नोकरीला. एरवी शांत माणूस. पण आई एकटी, गॅस गळला तरी तिला कळणार नाही, हे ऐकल्यावर त्यानं दुसरं काय केलं असतं? मी म्हटलं, "गप्प राहीन, पण रोज सकाळी शेगडी मी तपासणार."

"सरी," अक्का म्हणाल्या. बरं.

तेव्हापासून मी त्यांचं नाक झालो. सुरेश कामाला गेला की मी खाली जाई, आधी शेगडी हुंगे, मग कढईपाशी उभा राही. मी म्हणे, "छान येतोय." त्या उलथनं रोखत. "छान म्हणजे कसला?" डोळे मिटून मी शोधे. कच्चट... अजून कच्चट... आता खरपूस... "खमंग! उतरवा अक्का!" आणि त्या झटकन कढई उतरवत. मग माझ्या तोंडाकडे बघत राहत, तो वास तिथं दिसेल अशा आशेनं. "अजून सांग, स्वल्प अजून सांग." माझे शब्द संपत, त्यांचं मन भरत नसे.

अक्का गेल्या त्या झोपेतच. शेवटपर्यंत स्वयंपाकघर त्यांचंच राहिलं. सुरेशनं खालच्या घराला कुलूप लावलं, सिलिंडर परत केला, शेगडी देऊन टाकली. ती उचलायला मी स्वतः हात लावला होता.

तरी कधीकधी सकाळी जिना उतरताना डाळ भाजल्याचा वास येतो. बायको म्हणते, शेजारून येत असेल. असेल. पहिल्यांदा आला तेव्हा मी बंद दारापुढे हसत उभा राहिलो आणि मुद्दामच बोललो नाही. म्हटलं, बघू या काय होतं ते.

हळूहळू सगळा जिना करपट झाला.

आता मी तशी गंमत करत नाही. वेळेवर थांबतो, कुलपाकडे तोंड करतो आणि मोठ्यानं सांगतो, "खमंग! उतरवा अक्का!"