जमातीत उचललेले हात

एकोणीसशे एकसष्ट साल. मी सव्वीस वर्षांचा, दोह्यात सुतारकाम करत होतो आणि पुरता अडकलो होतो. पासपोर्ट मालकाच्या लोखंडी कपाटात. मालक आमच्याच रत्नागिरीकडचा. गावाला आई अंथरुणाला खिळलेली, मला एकदा बघायचं म्हणून हट्ट धरून बसलेली. सुट्टी मागितली की मालक म्हणे, "एवढे दरवाजे बसूदेत, मग जा." दरवाजे काही संपत नव्हते, शहरात रोज नवं घर उभं राहत होतं.

तेव्हा आम्हा हिंदी लोकांचे खटले तिथे शेखच्या नाही, इंग्रजांच्या कोर्टात चालत. शाळा मी दुसरीत सोडली, पण एवढं मला ठाऊक होतं. खोलीतले म्हणाले, "आपल्या माणसाला गोऱ्याच्या दारात उभा करतोस?" म्हटलं, करतो. धुतलेला सदरा घातला आणि भर उन्हात चालत गेलो.

कारकून पुण्याकडचा निघाला.

"कुठला रे तू?"

"हिंदुस्थानचा."

"आणि मालक?"

"तोही."

"घडलं कुठे?"

"इथेच, दोह्यात."

"मग हे काम आमच्याच कोर्टाचं." माझी छाती फुगली. तेवढ्यात त्याने विचारलं, "आधी कुणी निवाडा केलाय?"

"केलाय तर! आमच्या कोकणी मुसलमानांची जमात निवाड्याला बसली होती," मी ऐटीत सांगितलं. "जमातीचे मोठे, चाचा, म्हणाले, काम संपेपर्यंत थांब. मग निवाडा पक्का म्हणून त्यांनी दुआला हात उचलले, सगळ्यांनी उचलले."

"तूही?"

"मीही."

त्याने टाक खाली ठेवला. "म्हणजे तुला मान्य झालं."

"अहो, वडीलधाऱ्यांनी हात उचलल्यावर आपले खाली कोण ठेवतो?"

"मला कळतंय मियाँ, साहेबाला कसं कळणार? तूच त्यांना पंच मानलंस. आता त्यांच्याकडेच जाऊन पासपोर्ट माग. साफ नाही म्हणाले, तर इथे ये. त्याआधी तुझा अर्ज आत जाणार नाही."

खोलीवर हे सांगितलं तर सगळे हसले. एक म्हणाला, "चाचा आणि नाही म्हणणार? खलास! बस आता म्हातारा होईपर्यंत." खरंच होतं ते. चाचा आमच्या जमातीचे मोठे, कापडाचे दुकानदार. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. बघू म्हणत, इन्शाल्ला म्हणत, चहा पाजत आणि माणूस होता तिथेच राही. हो मिळेना, नाही मिळेना, आणि दोन्हींपैकी एकावाचून आई दिसेना. मालकाचे पाय धर, असंही कुणी सुचवलं. ते माझ्याने होण्यातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेलोच नाही. चाचांनी दुकान उघडलं तेव्हा मी दारात उभा होतो. त्यांनी चहा मागवला, मी पेल्याला हात लावला नाही. गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हटलं, "चाचा, माझा पासपोर्ट देववा, नाहीतर नाही म्हणा. बघू म्हणू नका." आणि दोन्हींपैकी एक ऐकल्याशिवाय उठायचं नाही म्हणून उंबऱ्यावरच बसकण मारली.