माझा खडक आणि सरकारची चावी

माझ्या फोनात दोन फोटो होते. ते पोलिसांनी बघू नयेत म्हणून मी गेल्या वर्षी सरकारशी भांडलो. गावात अजून लोक समजतात की म्हातारा तत्त्वासाठी भांडला. समजू देत. शाल मिळाली आहे, ती मी परत करणार नाही.

मी चौथी शिकलो, तीही पूर्ण नाही. पण मला वाचता येतं, आणि वाचलेलं मी विसरत नाही. झिलाने, म्हणजे माझ्या मुलाने, मोठा फोन आणून दिला आणि आमच्या मच्छीमारांच्या ग्रुपात मला घातलं, तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्यातली पिवळी पट्टी वाचली. इथे जे बोलाल ते कुलूपबंद आहे, तुम्ही लोक सोडून दुसरा कोणी वाचू शकत नाही, आमची कंपनीसुद्धा नाही, असं काहीतरी त्यात होतं. मी परत वाचली. सत्तरी ओलांडली माझी, पण एवढ्या वर्षांत असं लेखी मला कोणी दिलं नव्हतं. मच्छीमार सोसायटीने नाही, बँकेने नाही, लग्नात सासऱ्याने तर नाहीच. मग मी त्या फोनावर विश्वास टाकला आणि माझा खडक त्याच्या पोटात ठेवला.

खडक म्हणजे पाण्याखालचा. वरून दिसत नाही. गोबरे आणि तांबोशी हे मासे तिथे बाजार भरल्यासारखे असतात. मला तो बापाने दाखवला, बापाला त्याच्या बापाने. तोंडाने सांगायची पद्धत नाही, होडीत घालून न्यायचं आणि दाखवायचं. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एकामागे एक आल्या, आणि बाजूच्या दुसऱ्या दोन वस्तूही तशाच एका रेषेत आल्या, की नांगर टाकायचा. खाली खडक असतोच. बापाच्या वेळी डोंगराच्या खाचेत एक ताड बघायचा होता. ताड पडला आणि नेमका तिथेच मोबाइलचा टॉवर उभा राहिला. सरकारने माझ्यासाठी केलेलं हे एकच काम, तेही न सांगता.

झिल गोव्यात हॉटेलात आहे. त्याला मासा ताटात कळतो. म्हणजे दाखवायचा कोणाला हा प्रश्न होताच, वर माझंही डोकं आता भरवशाचं राहिलं नाही. एकदा सगळी सकाळ चुकीच्या जागी गरी, म्हणजे गळ, टाकून बसलो आणि घरी येऊन समुद्राला शिव्या दिल्या. म्हणून मी दोन्ही खुणांचे दोन फोटो काढले. परक्याने पाहिले तर त्याला डोंगर दिसेल, टॉवर दिसेल, फार तर उगवता सूर्य दिसेल. मासे मारणाऱ्याने पाहिले तर त्याला माझा खडक दिसेल.

आणि आमच्याकडे समुद्रात निघालेल्या माणसाला ‘खंय’, म्हणजे कुठे, असं विचारत नाहीत. परत आल्यावर काय गावलं ते विचारतात, आणि तो ‘काय नाय’ म्हणतो, आणि टोपलीवर ओला गोणपाट असतो. खंय गावलं असं विचारणाऱ्याला आम्ही माणसात धरत नाही.

तर झालं असं की मोठे दिवे लावून मासे गोळा करणारा एक बाहेरचा ट्रॉलर आमच्या हद्दीत घुसला. आमच्या पोरांनी त्याला घेरलं. त्यात त्याचं जाळं कापलं गेलं. कोणी कापलं मला माहीत नाही, मी घरी पेज जेवत होतो. पोलिसांना हवं होतं ते एवढंच, की ग्रुपात ‘चला रे सगळे’ असं पहिलं कोणी लिहिलं. मग गावात फोनांची साथ आली. सोसायटीच्या चेअरमनचा फोन पाण्यात पडला, एकाचा म्हशीने तुडवला, बाकीच्यांनी सगळं पुसून टाकलं. माझ्या फोनात मात्र अक्षर न् अक्षर शाबूत होतं, कारण पुसायचं कसं ते मला येत नव्हतं.

हवालदार घरी आला. शेजारच्या वाडीतला, नागडा फिरायचा तेव्हापासून मी त्याला ओळखतो.

“तात्यानू, फोन जरा उघडून दाखवा. दोन मिन्टांचा काम आसा.”

“कित्याक?”

“ग्रुप बघूचो आसा.”

“ग्रुप सगळ्यांचो. फोन माझो.”

“अहो, सरकारी काम आसा ह्या.”

“मगे सरकार येऊ दे. तू कोण?”

“मी सरकारच नाय काय?”

“तू सरकार? तुझ्या मेवण्याची होडी खंय लागता ता माका म्हायती आसा.”

तो ओशाळून हसला. मी हसलो नाही. टीव्हीवर सरकार बोलतं तेव्हा ते फार लांबचं आणि थोर वाटतं. आमच्या वाडीपर्यंत पोचतं तेव्हा ते कोणाचा तरी भावोजी असतं. या हवालदाराचा मेवणा माझ्यासारखाच गरवायला, गरीने मासे धरायला, जातो, तरणा आहे, आणि वर्षभर माझ्या होडीच्या मागे मागे घुटमळत होता.

आणि अनुभवही ताजा होता. चेअरमनचा पाण्यात पडलेला फोन पोलिसांनी नेऊन सुकवला. तो चालू झाला. हा चेअरमन गोड खात नाही, देवाला नवस बोललाय म्हणून सगळीकडे सांगायचा. फोन ठाण्यात गेल्यावर चार दिवसांत मासळीबाजारातल्या बायका त्याला विचारायला लागल्या, “साखर किती इली ह्या खेपेक?” फोनात रक्ताचे रिपोर्ट होते. ट्रॉलरचा त्यात काही संबंध नव्हता. पण एकदा पेटी उघडली की माणूस काय एकच कप्पा बघतो?

मला जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला बोलावलं. एसटीने गेलो, धुतलेला शर्ट घालून. साहेब घाटावरचे होते, बोलायला चांगले. म्हणाले, “आजोबा, लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला?”

ऑफिसात आम्हीही शुद्ध बोलतो. मी म्हटलं, “साहेब, लपवण्यासारखं आहे म्हणून तर लपवलंय.”

साहेबांनी पेन उचललं. “काय आहे?”

“ते सांगितलं तर लपवलं काय?”

साहेबांनी पेन ठेवलं. मला समजावून सांगितलं की नागरिकांची माहिती त्यांच्याकडे अगदी सुरक्षित असते, ठरावीक माणसांशिवाय कोणाच्या नजरेला पडत नाही. तेवढ्यात दाराबाहेरून शिपायाचा आवाज आला. तो आमच्या हवालदाराला विचारत होता, “काय रे, तुमच्या चेअरमनची साखर उतारली काय?”

साहेबांनी उठून दार लावलं.

मी काही अडेलतट्टू नाही. मी तोडगा दिला. म्हटलं, “साहेब, तुम्ही घाटावरचे. तुम्हाला समुद्रात रस नाही. तुम्ही एकटे बघा, मी आता उघडतो. हवालदार खोलीत नको.”

साहेब खूश झाले. मग त्यांचा चेहरा पडला. “पण ग्रुपमधलं सगळं मालवणीत असेल ना? मला ते समजत नाही. हवालदारच वाचून सांगतील.”

मी फोन खिशात घातला. त्यांनी तो खिशातून काढून पाकिटात घातला, वर लाख लावली, आणि उघडायला कुठेतरी मशीनकडे पाठवला. वकिलाला विचारलं, की उघडण्याची खूण सांगायची सक्ती आहे काय. तो म्हणाला, कायदा असाही आहे आणि तसाही आहे, तुम्ही आपले गप्प बसा, तुम्हाला ते जमेल असं वाटतंय.

फोन गेला आणि मी मोठा झालो. ग्रुपातल्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्याने पोरांना वाचवण्यासाठी छातीवर घेतलं. सभा झाली. शाल, नारळ. मोबाइलवर बातम्या दाखवणारा एकजण आला आणि मला विचारायला लागला, की नागरिकाच्या खाजगीपणाबद्दल तुमचं काय मत आहे. मी म्हटलं, चांगला आहे. टाळ्या पडल्या. त्याच दिवसांत टीव्हीवर रोज भांडण चालायचं. सरकार म्हणे, कुलपाची एक चावी आम्हाला द्या, चोर पकडायला लागते. कंपनी म्हणे, अशी चावीच आम्ही बनवलेली नाही. चहाच्या टपरीवर मी सगळ्यांना ठणकावून सांगायचो, की चावी नाही म्हणजे नाही, मी स्वतः पिवळी पट्टी वाचलेली आहे.

मग एके दिवशी हवालदार फोन घेऊन दारात.

“घेवा तुमचो फोन.”

“उघडलो?”

“नाय. मशीन हरला.”

मी मिशीवरून हात फिरवला. “मगे परत कसो दिलास?”

“गरज नाय ऱ्हवली. तुमच्याच ग्रुपातल्या एकान सगळे मेसेज साहेबांका दाखवल्यान. आणि ट्रॉलरवाल्यान तर केस मिटवल्यान पण.”

“कोण तो दाखवणारो?”

“ता सांगूक येणा नाय, तात्यानू. गुप्त आसा.”

म्हणजे गुप्त ठेवता येतं त्यांना, मनात आणलं तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. हवालदाराने मेसेज पाठवला होता, गोडीत राहावं म्हणून. उघडला. शुभ सकाळ. चार कोपऱ्यांत चार गुलाब. मधे डोंगराची खाच, खाचेत टॉवर, टॉवरमागे सूर्य.

माझा फोटो.

मला वाटलं, मशीन जिंकलं. मी ओरडलो तशी सून चुलीजवळून धावत आली आणि फोन बघून लाजली.

“गुलाब मियाच लावलंय, मामानू. बरो फोटो होतो म्हणान तुमच्या फोनातसून घेतलंय. झाला की वरीस.”

“आणि लॉक?”

“लॉक काय लॉक! तुमी उघडताना तोंडान सांगतास मां, खाली, मगे आडवो, मगे वर. घरातल्या सगळ्यांका पाठ आसा.”

“कोणाकोणाक धाडलंस?”

“म्हयला मंडळाक. माहेरच्या ग्रुपाक. थयसून पुढे गेलो आसतलो.”

पुढे म्हणजे किती पुढे, ते हवालदाराच्या फोनावरून कळतच होतं. आणि हवालदाराकडे असेल तर मेवण्याकडेही असणार. ज्या खडकासाठी मी ओरोसला गेलो, तो रोज सकाळी साऱ्या तालुक्याला शुभेच्छा देत होता.

जेवण गेलं नाही. पहाटे होडी काढली. लांबून बघत बघत गेलो, पण खडकावर कोणाची होडी नव्हती. खुणा जुळवल्या, नांगर टाकला, गरी सोडली. जरा वेळाने इंजिनाचा आवाज आला. हवालदाराचा मेवणा, सरळ माझ्या रोखाने.

त्याने इंजिन बंद केलं. “तात्यानू, काय गावला?”

“काय नाय रे. पाणी मेलेला आज.”

“मगे हय कित्याक बसलास?”

“घरात सून वराडता म्हणान.”

तो हसला आणि किनाऱ्याकडे वळला. सूर्य डोंगरावर येत होता. त्याने खिशातून फोन काढला. “काय मस्त दिसता बघा! बायल रोज असले धाडता माका. आज मी तिका धाडतंय.” त्याची होडी हलत होती, म्हणून डोंगर आणि टॉवर नीट मधे येईपर्यंत तो थांबला.

तेवढ्यात माझ्या हातातला दोर ताणला. मोठा मासा होता. गोबराच, बाकी कोणी असा ओढत नाही. हात मी फळीच्या आड धरला होता. दोर बोटात रुतला, रक्त आलं. मी सोडत गेलो, आणखी सोडला, आणि त्याला म्हटलं, “काढ, काढ, नीट काढ.”

त्याने काढला. फोनात बघितला, खूश झाला, फोन खिशात घातला आणि इंजिन मारून निघून गेला, आणखी आत समुद्रात, जिथे तळाला वाळूशिवाय काही नाही.

तो दिसेनासा होईपर्यंत मी हललो नाही. मग दोर ओढला. हलका लागला. मासा गरी तोडून घेऊन गेला होता. मी धोतराने बोट पुसलं आणि दुसरी गरी बांधली.